भिला आप्पांची सुरत

"काय खाईसन उनात, मास्तर?"

तापीकाठच्या त्या गावात मी शाळामास्तर म्हणून बैलगाडीतून उतरलो, तेव्हा भिला आप्पांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, जात नाही, पगार नाही. काय खाऊन आलात? मी नाशकाकडचा, नवखा. भीतभीत सांगितलं, "काही नाही. सकाळी चहा घेतला होता."

आप्पांचा चेहरा असा पडला, की वाटेत चोरांनी मला लुटलं असं मी सांगितलं असावं. ते घराकडे तोंड करून ओरडले, "वं, आयकं का? मास्तर उपाशी उना!" आतून तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज आला. ती जिजी, आप्पांची बायको. सगळं गाव तिला जिजीच म्हणे. माझी ट्रंक गाडीतच राहिली आणि मी कळण्याची भाकरी, ठेचा आणि कच्च्या तेलाची धार घेऊन जेवायला बसलो. त्यांच्याच ओसरीवरच्या खोलीत पुढे मी चार वर्षं राहिलो.

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची. सारंगखेड्याच्या समोरच्या काठाला ते गाव. काळी जमीन, कापूस, ज्वारी, आणि नदीच्या मळईत वांगी. आप्पांची शेती मोठी होती, पण त्यांचं नाव शेतीसाठी नव्हतं. खाण्याच्या गोष्टींसाठी होतं. इतकं खाण्यावर बोलणारा माणूस गोलमटोल असेल असं कुणालाही वाटावं. आप्पा तुराटीसारखे होते. स्वतः खायचे जेमतेम दीड भाकरी. त्यांची खरी हौस दुसऱ्याला खाताना बघण्याची. समोरचा जेवत असला की हे मांडी घालून, मान किंचित पुढे काढून बसत आणि त्याच्या प्रत्येक घासाबरोबर त्यांचे स्वतःचे ओठ हलत.

साल त्यांना आकड्यात सांगता येत नसे. "ज्या साले पाटीलना लगनमा बासुंदी करपनी, त्या साले हाई विहीर खंदी," असं त्यांचं पंचांग. आणि गंमत म्हणजे गावात कुणालाच ते चुकीचं वाटत नसे. बासुंदी करपलेली सगळ्यांना आठवत होती.

हिवाळ्यात तोरणमाळकडचे पावरा लोक मध, चारोळी घेऊन नदी ओलांडून यायचे. त्यांची भाषा आम्हा कुणालाच धड येत नसे. आप्पांना तिच्यातले शब्द येत होते, पण फक्त खाण्याचे. तेवढ्या पाच-दहा शब्दांवर ते त्या माणसांशी दुपारभर बोलत बसत. काय बोलत, देव जाणे. पण उठताना दोन्हीकडची माणसं खूश असत.

एकदा डिपोटी साहेब शाळा तपासायला आले. आल्या आल्या ते माझ्यावर उखडले. छप्पर गळतं, पाट्या फुटलेल्या, पोरं शेतात. मी हजेरीपट छातीशी धरून उभा. तेवढ्यात आप्पा आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, बठं खरं शे. पन वांगा भाजाई गयात. थंडा व्हतीन." 'बठं' म्हणजे सगळं, हे साहेबांना समजलं की नाही कोण जाणे, ते उठले. तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात. साहेब जेवले, मळ्यातल्या निंबाखाली झोपले, आणि उठून मला म्हणाले, "छपराचं बघतो मी." आणि त्यांनी खरंच बघितलं. आप्पांचे मी आभार मानायला गेलो, तर ते नाराज होते. "परत भरीत नई ल्हिदं त्यास्नी. मीठ कमी पडनं व्हई."

अशा माणसाच्या घरात एका आषाढात चूल थंड पडली.

आप्पा-जिजीला एकच मूल होतं. गोजर. नंदुरबारजवळच्या गावात दिलेली होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, पण पावसाने नाले भरले, गाडी निघेना, आणि ती सासरीच बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी गेली. मुलगी जगली. जिजी पोचली तेव्हा गोजरला न्यायची तयारी झाली होती. कुणीतरी ते तान्हं बाळ जिजीच्या मांडीवर द्यायला पुढे केलं. जिजीने हात मागे घेतले. म्हणाली, "हिनी मन्ही पोर खाई टाकी." आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर तिने नातीचं तोंड पाहिलं नाही. कुणी तिचा विषय काढला की जिजी उठून गोठ्यात जाई.

गोजरच्या अस्थी प्रकाशा या तीर्थावर तापीत सोडल्या. दिवस गेले. जिजी सगळं करायची. दळण, धुणं, सगळ्यांचा स्वयंपाक. आमच्याकडे बायका मागाहून जेवतात, त्यामुळे तिच्या ताटात काय पडतं हे कुणी पाहिलं नव्हतं. एक दिवस मला वाढायला ती शिंक्यावरचं ताक उतरवत होती आणि तिच्या बांगड्या मनगटावरून सरकत कोपरापर्यंत गेल्या. आप्पा समोरच बसले होते. त्यांनी ते पाहिलं. त्या दिवशी त्यांनी दीड भाकरीतली अर्धी ताटात ठेवली.

मग संक्रांत झाल्यावर, ज्वारी दाण्यावर आली होती तेव्हा, एका संध्याकाळी पारावर बसून आप्पांनी जाहीर केलं की ते सुरतेला जाणार आहेत. जिजीला घेऊन.

"दवाखानाले?" कुणीतरी विचारलं.

"नई."

"कोर्टकचेरी?"

"नई भो. जेवाले."

पार हसला. नवस नाही, लग्न नाही, आजार नाही, आणि माणूस बायकोला आगगाडीत बसवून परमुलखात जेवायला नेतो, हे गावाने ऐकलंच नव्हतं. आप्पांचे थोरले भाऊ, त्यांना सगळे दादा म्हणत, ते मात्र हसले नाहीत. ते उठून आप्पांच्या पुढ्यात आले.

"गोजर जाईसन वरीस नई व्हयनं, भिला. अन तू बायकोले लिसन मौज कराले जास? लोके तोंडमा शेन घालतीन."

आप्पा खाली बघून म्हणाले, "मन्हा तोंडमा घालू दे, दादा. तिन्हा तोंडमा घास जावाले जोयजे."

दादा तसेच पुढ्यात उभे राहिले. मग आप्पांनी मान वर केली. ते म्हणाले, "अन महाराज दोनदाव सुरतले जाईसन उनात. आपू एकदाव तं जाऊत!" तेव्हा कुठे दादांच्या मिशा हलल्या.

सुरतेच्या पाट्या वाचायला, तिकिटं काढायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मला इंग्रजी थोडं येत होतं. शाळेतून मी आठवड्याची रजा काढली. आप्पा मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही चला. सुरतनं जेवन अन काशीनं मरन, म्हनतस. मरन नंतर दखू." जिजीला कुणी विचारलं नाही. तिनेही 'का' विचारलं नाही. लुगड्याचं गाठोडं काखेत मारलं आणि ती गाडीत बसली.

नंदुरबारला आम्ही आगगाडी धरली. जिजी पहिल्यांदाच आगगाडीत बसत होती. खिडकीशी बसून ती बाहेर बघत होती, पण तिच्या डोळ्यांत काही उतरत नव्हतं. आप्पा मात्र डब्यातल्या प्रत्येक माणसाचा डबा उघडण्याची वाट बघत होते. नवापूर येईपर्यंत त्यांनी एका पारशी बाईकडून आंब्याच्या लोणच्यात गूळ कसा घालतात ते विचारून घेतलं होतं. मधूनमधून ते जिजीकडे वळून सांगत, "आयकं का? गूळ!" जिजी मान हलवी.

सुरतेला स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत सामान टाकून आप्पा तडक आम्हाला जेवायला घेऊन गेले. कुणाकुणाला विचारून त्यांनी एका वीशीचं नाव काढून आणलं होतं. वीशी म्हणजे पाटावर बसून जेवायची खाणावळ. दारातच मालकाने आप्पांना अडवलं. "काका, बैरां लोक अंदर बेसे." बायकांनी आतल्या खोलीत बसायचं.

"मंग मी बी अंदर बससू," आप्पा म्हणाले.

"पुरुष अंदर न चाले, काका."

"मंग ती भायेर बसई."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? आमच्या गावातसुद्धा नवराबायको एका पंगतीला कधी बसली नव्हती. शेवटी त्या भल्या माणसाने मागच्या बाजूला, सरपणाच्या ढिगाशेजारी, तीन पाट मांडले. आप्पा आणि जिजी शेजारी शेजारी बसले. जिजीने पदर इतका पुढे ओढला होता की मला तिची हनुवटीसुद्धा दिसत नव्हती.

वाढणं सुरू झालं. पापडी आणि कंद घातलेलं उंधियू, तेल वर तरंगणारं. पुऱ्या. पातरा, म्हणजे आपली अळूवडी. कढी. वाटीत तूप घातलेली डाळ, आणि शेवटी बशीत खव्याची घारी, तुपाच्या पांढऱ्या थराखाली लपलेली. या ताटाची आप्पांनी जन्मभर वाट पाहिली होती, हे मला ठाऊक होतं. पण ते ताटाकडे बघतच नव्हते. ते जिजीच्या हाताकडे बघत होते.

जिजीने पुरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. बराच वेळ तो घास तोंडात राहिला. मग ती हळूच म्हणाली, "उतरत नई."

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. त्यांनी ताटाला हात जोडले आणि न जेवता उठले. मीही उठलो. खोटं कशाला सांगू, उंधियूकडे बघत बघत उठलो. मालक धावत आला. स्वयंपाकात काय चुकलं? आप्पांनी त्याचा हात हातात घेतला. "तुन्हा रांधामा काही खोट नई, भाऊ. आमन्हाच पोटमा जागा नई."

त्या संध्याकाळी आप्पा धर्मशाळेच्या ओट्यावर बसून राहिले. मी त्यांना गप्प पाहिलं ते तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही टांगा केला. टांगेवाला हौशी मुसलमान म्हातारा होता. त्याने किल्ला दाखवला, गोऱ्या साहेबांच्या जुन्या वखारीची जागा दाखवली, जिथे आता गुदामं होती. मग म्हणाला, "अब गोरों के घुम्मट देखो." कतारगाम दरवाज्याच्या बाहेर झाडीत मोठमोठे घुमट दिसत होते, कमानी, खांब, वर गच्च्या. आप्पा खूश झाले. "कोना राजवाडा हाऊ?" म्हणत ते भराभर आत शिरले, आणि पाच पावलांवर थांबले.

राजवाडा नव्हता. इंग्रजांचं कबरस्तान होतं.

आप्पांचा चेहरा उतरला. ते मागे वळून दोन्ही हात पसरून जिजीला अडवू लागले. "चाल, चाल, भायेर चाल. अठे काही दखासारखं नई." पण जिजी त्यांच्या बाजूने केव्हाच पुढे गेली होती. मोठ्या घुमटांकडे तिने पाहिलं नाही. एका बाजूला, गवतात, एक बसकी दगडी कबर होती. तिच्यासमोर ती उभी राहिली.

"मास्तर, हाई काय लिखेल शे?"

मी वाकलो. अक्षरं झिजली होती. नाव गेलं होतं. वय राहिलं होतं. एकोणीस वर्षांची एक बाई, कंपनीच्या व्यापाऱ्याची बायको. पुढची ओळ मी मनात वाचली आणि गप्प राहिलो.

"बठं वाचा," जिजी म्हणाली.

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. मी वाचलं. "बाळंतपणात गेली. तिच्याच कुशीत तिची तान्ही मुलगीही इथं निजली आहे."

जिजी खाली बसली. कबरीवरचं गवत तिने उपटायला घेतलं. जरा वेळाने विचारलं, "हिन्ही माय कोठे व्हती?"

"विलायतेत. सात समुद्रापलीकडे."

"तिले कवय समजनं व्हई?"

"तेव्हा जहाजं शिडाची होती, जिजी. निरोप पोचायला सहा-आठ महिने लागत असतील."

जिजीचे हात थांबले. "म्हंजे तितला दिन ती माय आंगडा-टोपडा शिवी ऱ्हायनी व्हई," ती म्हणाली. "नातसाठे."

वर झाडात पोपटांचा कलकलाट चालू होता. मग जिजीच्या तोंडून एक आवाज आला. रडणं म्हणावं असा तो नव्हता. आतून काही उपटून निघाल्यासारखा होता. गोजर गेल्यापासून ती रडली नव्हती. आप्पा तिच्यामागे पागोटं हातात धरून उभे होते. बायकोच्या पाठीवर चारचौघांत हात ठेवावा की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी ते तिच्या शेजारी, गवतातच, बसले.

"त्या मायन्या दोन्ही गयात," जिजी म्हणाली. "मन्ही एक तं शे."

"शे ना," आप्पा म्हणाले. "शे. दात ई ऱ्हायनात तिले."

जिजीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. नंदुरबारच्या बाजाराला म्हणून गेलेले आप्पा दर महिन्याला कुठे जाऊन येत, हे तिला त्या क्षणी समजलं. पदराने तोंड पुसलं आणि उठली.

संध्याकाळी टांगेवाल्याने आम्हाला किल्ल्याजवळ नदीवर सोडलं. भरतीची वेळ होती. पाणी रुंद, मळकट, आणि त्याच्यावर गलबतं. जिजीने विचारलं, ही कोणती नदी? आप्पा म्हणाले, "तापी. आपलीच." तिचा विश्वास बसेना. ती पायऱ्या उतरून गेली, पाण्यात हात घातला, आणि तो हात कपाळाला लावला. गोजरच्या अस्थी याच पाण्यात सोडल्या होत्या. वर येताना मात्र ती धापा टाकत म्हणाली, "भूक लागनी."

आप्पा असे धावले की मला हसू आवरेना. नदीकाठी ताडपत्र्या लावून पोंकवाले बसले होते. आप्पा द्रोण भरून घेऊन आले. गरम पोंक, वर शेव, साखरेचे दाणे, लिंबू. जिजीने चिमूटभर तोंडात टाकला. थांबली. पुन्हा एक चिमूट घेतली. मग द्रोणात बोट फिरवून तिने दाणे नीट पाहिले.

"हाऊ तं हुरडा शे!"

"सुरतना पोंक शे," आप्पा म्हणाले.

"जवारीना हुरडा शे, बाप! आपला वावरमा उभा शे. अन तुम्ही माले आगगाडीमा बसाडीसन हुरडा खावाडाले लयनात?" आणि जिजी हसली. इतकी, की पोंकवालाही हसला. "अन भाजेल बी नई धड," ती म्हणाली, पण द्रोण तिने खाली ठेवला नाही. आप्पांना एक दाणा दिला नाही. आप्पांचे ओठ मात्र तिच्या प्रत्येक घासाबरोबर हलत होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच वीशीत गेलो. मालकाने न विचारता सरपणाशेजारी पाट मांडले. जिजी जेवली. सावकाश, एकेक पदार्थ तपासत. मग उठून सरळ स्वयंपाकघरात गेली. आम्ही बाहेर बसलो होतो, तर आतून तिचा अहिराणीत आणि आचाऱ्याचा गुजरातीत वाद ऐकू येत होता. ओवा आधी की नंतर. आप्पा पान चघळत म्हणाले, "मास्तर, आते सुरत दखाई गई."

गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही बाजारात फिरलो. जरीच्या दुकानांची रांग होती. जिजी एका दुकानापुढे थांबली आणि तिने टोपडं मागितलं. लाल, काठाला जर. दुकानदाराने मोठी, लहान अशी पुढे टाकली. तिने निवडलं, मुठीत धरलं. आप्पा लांब उभे राहून रस्त्यावरच्या बैलांकडे बघत होते.

नंदुरबारला गाडीवान आमची वाट बघत होता. जिजी बसली आणि म्हणाली, "गाडी गोजरना सासरले ल्हे." गाडीवानाने आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "आयकं नई का? ल्हे."

गोजरची सासू दारातच उभी राहिली. तिच्या कडेवर एक पोर होती, गुटगुटीत, नाकाशी शेंबूड, मुठीत भाकरीचा तुकडा. जिजीने हात पुढे केले. पोर आली नाही, रडलीही नाही. ती नुसती बघत राहिली. मग तिने भाकरीचा तो ओला तुकडा जिजीच्या तोंडाशी नेला.

जिजीने तो खाल्ला.

मग तिने मुठीतलं टोपडं काढलं आणि पोरीच्या डोक्यावर घालायला लागली. ते बसेना. ओढलं, सैल केलं, तरी बसेना. जिजीच्या मनात ती पोर अजून त्या आषाढातलीच होती, तीन दिवसांची. त्या मापाचं टोपडं तिने घेतलं होतं. "वं माय," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "इतली मोठी व्हई गई. इतली मोठी व्हई गई." टोपडं पोरीच्या डोक्यावर टोपलीसारखं ठेवलेलं, आणि दोन्ही म्हाताऱ्या रडत होत्या. आप्पा गोठ्याकडे गेले. बैलांना पाणी पाजायचं निमित्त होतं.

पोर पुढे निम्मी इकडे, निम्मी तिकडे वाढली. माझी बदली झाली, पाचोऱ्याकडे. लग्न, संसार, पुन्हा बदल्या. आप्पांचा निरोप मधूनमधून यायचा, कुणा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर वांगी किंवा नवी ज्वारी.

शेवटचं त्यांना पाहिलं ते सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारात. दुपारची वेळ. धूळ, खिंकाळणं, दलालांचा आरडाओरडा. गर्दीतून वाट काढताना एका सोडलेल्या गाडीच्या सावलीत आप्पा बसलेले दिसले. आणखी वाळले होते. मांडीवर पाच-सहा वर्षांची मुलगी गाढ झोपली होती, गाल गोडीशेवेने चिकट झालेले. जिजी कुठेतरी बांगड्या भरायला गेली असावी. आप्पांनी एका हाताने पागोट्याचा सोगा मुलीच्या तोंडावर सावलीसारखा धरला होता आणि दुसऱ्या हाताने माश्या वारत होते.

मी हाक मारणार तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. चेहरा उजळला. तोंड उघडलं, आणि लगेच मिटलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी मांडीकडे दाखवलं. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. एक शब्द न बोलता आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मग मी हळूच मागे सरलो. वळणावरून मान वळवून पाहिलं, तर आप्पा पुन्हा मान खाली घालून नातीच्या तोंडावरची सावली सरळ करत होते.